आईचा उरलेला शब्द

६ मार्च

दादा,

अक्षर ओळखलं असशील. पाकीट फाडून टाकण्याआधी एवढं वाच.

आईला अर्धांगाचा झटका आला. चिमणीची वेणी घालत होती. चिमणी म्हणजे माझी मुलगी, तुझी भाची. तू तिला पाहिलेलं नाहीस, ती सात वर्षांची आहे. वेणी घालता घालता आईचा उजवा हात सुटला. चिमणी म्हणाली, "आजी, अर्धीच झालीये." आजी काही बोलेना म्हणून तिने मागे वळून पाहिलं आणि जी किंचाळली, ती किंकाळी मला खालच्या मजल्यावर ऐकू आली. आईचा अर्धा चेहरा खाली ओघळला होता. मेण ओघळतं ना, तसा.

दवाखान्यातून काल घरी आणलं. उजवा हात आणि पाय लुळे आहेत. डोकं साफ आहे, आपण बोललेलं तिला कळतं. पण बोलणं गेलं. तुला आठवते ना आपली आई? जिच्यासमोर बाबांना आणि शेजाऱ्यांनाच काय, पोस्टमनलासुद्धा वाक्य पुरं करता यायचं नाही. ती आता छताकडे बघत पडून असते.

एकच शब्द उरलाय. कोणता, ते विचारू नकोस.

तुझा पत्ता तुझ्या जुन्या वर्कशॉपच्या मालकांकडून मिळवला. त्यांना बोल लावू नकोस, मी दारात बसूनच राहिले होते. तू ये असं मी म्हणत नाहीये. मुलगा म्हणून तुला कळायला हवं, एवढंच.

ठमी


२१ मार्च

दादा,

नऊ वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यात दोनच शब्द. "कोणता शब्द?"

मी तुला विचारू नकोस म्हटलं, म्हणजे तू तेच विचारणार. लहानपणापासून तुझी हीच खोड. बरं, ऐक. मग मला दोष देऊ नकोस.

दवाखान्यात असतानाच मी तिला म्हटलं, "आई, दादाला पत्र टाकते हं." ती डोळे मिटून पडली होती. तुझं नाव कानावर पडलं मात्र, डोळे खाडकन उघडले. डाव्या हाताने तिने पलंगाच्या लोखंडी कठड्यावर थाड्‌ करून मारलं आणि ओरडली, "वैर!"

मला वाटलं, माझ्या कानांचा दोष. मी वाकून म्हटलं, "काय गं?"

"वैर! वैर!"

मानेच्या शिरा तट्ट फुगल्या होत्या. हे पाण्याचा ग्लास घेऊन उभे होते, ग्लास तसाच हातात राहिला. मी विचारलं, "कुणाशी वैर, आई? दादाशी?" तर आणखी जोरात. पुन्हा कठड्यावर हात. शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या मुलीने पडदा ओढून घेतला.

आपल्या आईने हा शब्द कधी उच्चारलेला मला आठवत नाही. भांडायची, शिव्या घालायची, आठवडाभर अबोला धरायची, पण वैर? आणि तेही पोटच्या पोराशी?

घरी आल्यावरही तेच, भाड्याने आणलेल्या लोखंडी पलंगावर. तुझं नाव निघालं की वैर. चिमणीने विचारलं, "वैर म्हणजे काय?" मी म्हटलं, "भांडण." ती म्हणाली, "आजी तर कुठे जातच नाही, तिचं कुणाशी भांडण झालं?"

तू येऊ नकोस, दादा. निदान आत्ता तरी. तिचं ब्लडप्रेशर आधीच कुठल्या कुठे गेलंय. तुला समोर पाहून काही झालं, तर ते मला झेपणार नाही, आणि तुलाही.

ठमी


९ एप्रिल

दादा,

तुझं पत्र मिळालं. "मला माहीत होतं. नऊ वर्षं मी तेच ऐकतोय, आता तिच्या तोंडून आलं इतकंच."

हे तू इतक्या शांतपणे कसं लिहिलंस? माझं इकडे कामात लक्ष नाही. परवा दुकानात एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात उजव्या डोळ्याची काच डाव्या बाजूला बसवली. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. मालक म्हणाले, "ताई, तुम्हालाच चष्मा लागलाय का?" सगळे हसले. मी आतल्या खोलीत जाऊन काचा पुसत बसले.

त्या दिवसाबद्दल आपण कधी बोललोच नाही. गाडी तू चालवत होतास, बाबा तुझ्या शेजारी होते. वळणावर दिवे न लावता ट्रक उभा होता. पोलिसांनीच सांगितलं की दुसरा कुणीही असता तरी आदळलाच असता. बाबा गेले, तुला खरचटलं फक्त. दवाखान्याच्या दारात आई धावत आली तेव्हा तू तिला म्हणालास, "गाडी मी चालवत होतो." तिने तुझ्याकडे पाहिलं, एक अक्षर बोलली नाही, आणि भिंतीला टेकून खाली बसली. मी तिथेच होते. ते बघणं मलाही विसरता आलेलं नाही. मग थोड्याच दिवसांत तू गेलास. त्यानंतर आईने तुझं नाव घेतलं नाही. मी घेतलं तर उठून जायची. मी समजायचे की तिला त्रास होतो. त्रास होतो की राग येतो, ते विचारायची माझी छाती झाली नाही.

आणि आता हे ऐक. आईला बोलायला शिकवायला एक थेरपिस्ट बाई येतात. मी त्यांना म्हटलं, "सगळे शब्द गेले आणि नेमका हाच कसा राहिला हो?" त्या म्हणाल्या, असं होतं. कुणाची फक्त शिवी उरते, कुणाचं देवाचं नाव, कुणाचं नुसतं 'हो हो'. पुष्कळदा जो शब्द माणसाने जन्मभर सगळ्यात जास्त वेळा म्हटलेला असतो, जो विचार न करता तोंडातून निघतो, तोच मागे राहतो.

मी म्हटलं, "पण हा शब्द ती कधीच म्हणत नव्हती!"

बाई हळूच म्हणाल्या, "मोठ्याने म्हणत नसतील."

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही येत नाही. म्हणजे ती भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना, चिमणीला झोपवताना, मनातल्या मनात नऊ वर्षं हेच घोकत होती? मी तिच्याच घरात राहत होते, दादा. मला कसं कळलं नाही?

ठमी


२ मे

दादा, दादा,

हे पत्र बसून वाच. मी जमिनीवर बसून लिहितेय.

आई नर्सिंगच्या मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघर सांभाळायची, तेव्हा तिच्या हाताखाली चुलीवर एक मावशी असायच्या, आठवतात? जाड्या, एका कानाने बहिऱ्या, सगळे त्यांना चूलमावशी म्हणायचे. आज त्या आईला बघायला आल्या. दोन जिने चढून आल्या, धापा टाकत स्टुलावर बसल्या, आईचा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "काय गं मुकादमीण, कामाची कटकट नको म्हणून झोपून राहिलीस होय?"

आईच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मावशींच्या कानाशी लागून म्हटलं, "मावशी, तेवढं दादाचं नाव काढू नका."

मी बोलले त्यांच्या बहिऱ्या कानात.

"काय? दादा?" त्या केवढ्याने ओरडल्या! "मोठ्याचं काय? येतोय का तो?"

झालं. आईने कठड्यावर थाड्‌ करून हात मारला. "वैर!"

मी डोळे घट्ट मिटून घेतले. आणि कानांवर काय आलं माहितेय? मावशींच्या दोन्ही गुडघ्यांचा कडकड आवाज. डोळे उघडले तर बाई उठून उभ्या, हात टेबलावर काहीतरी शोधताहेत, आणि म्हणताहेत, "वैरते गं बाई, वैरते! आधण तरी येऊ दे की!"

मग त्यांच्याच लक्षात आलं की हे वसतिगृह नव्हे. त्या हसायला लागल्या. आणि आई, आपली आई, अर्ध्या तोंडाने हसली. मार्चपासून पहिल्यांदा.

मी म्हटलं, "मावशी, काय म्हणालात तुम्ही? वैरते म्हणजे?"

"अगं म्हणजे तांदूळ वैरते. आधणात सोडते."

"वैरणं?"

"तुला वैरणं ठाऊक नाही? मुकादमिणीची लेक ना तू!" त्यांनी कपाळावर हात मारला. "तरी बरोबरच आहे. तुम्ही पोरी कुकरवाल्या. डब्यात तांदूळ, डब्यात पाणी, झाकण लावलं की संपलं. आमच्याकडे हा एवढा हंडा असायचा. पाण्याला उकळी फुटली की मापून तांदूळ वैरायचे. तुझी आई, मेली, दारात उभी असायची. जेवायला येणाऱ्या पोरी मोजायची. हिशेबाप्रमाणे तांदूळ पडले की मग कुणी ड्युटीवरून उशिरा यायची, कुणी पाहुणी घेऊन यायची. ही तिथल्याच कट्ट्यावर भाताचा डाव आपटायची आणि बोंबलायची, वैर! म्हणजे आणखी एक मूठ टाक. एवढ्या भांड्यांच्या गोंगाटात आणि माझ्या ह्या कानाला हळू बोलून काय ऐकू येणार? दिवसातून शंभरदा ऐकायचे मी. भात संपला म्हणून एक पोरगी कधी माघारी पाठवली नाही तिने."

मी मटकन खालीच बसले, दादा. मावशी घाबरल्या, त्यांना वाटलं मलाही काही झालं.

आपल्याला कसं कळणार? वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आपल्याला पाऊल टाकू द्यायची नाही, भाजाल म्हणायची. घरी पहिल्यापासून कुकर. सगळ्यात जास्त वेळा म्हटलेला शब्द! थेरपिस्ट बाईंनी सांगितलेलं अक्षरशः खरं होतं, आणि मी त्याचं काय करून तुला पाठवलं!

ती तुझ्याशी वैर धरत नाहीये. तुझं नाव ऐकलं की ती तुझ्यासाठी तांदूळ टाकायला सांगतेय.

मी तुझ्या हल्लीच्या वर्कशॉपला फोन लावला. कुणीतरी म्हणालं, "तो फोनवर येत नाही." म्हणून हे पत्र. मिळाल्या मिळाल्या कळव.

ठमी


२४ मे

दादा,

"गोष्ट छान रचलीस. लहानपणीही रचायचीस."

हे वाचून मी इतकी भडकले की यांनी पत्र माझ्या हातून काढून घेतलं. मी तुझं मन राखायला गोष्टी रचतेय? तुला वाईट लिहिलं ते निमूटपणे खरं मानलंस. चांगलं लिहिलं तर मी खोटारडी! धन्य आहे तुझी.

ठीक आहे. माझ्यावर विश्वास नको ठेवूस. मी दुकानातून सुट्टी काढून वाचनालयात गेले. ग्रंथपालांनी शब्दकोशाचा जाडजूड खंड काढून दिला. मी बोट ठेवून वाचलं. एकाखाली एक दोन नोंदी आहेत. वैर, म्हणजे शत्रुत्व. ते 'वीर'वरून आलं. आणि त्याच्याच खाली वैरणे, आधणात किंवा जात्यात धान्य घालणे. त्याचं जुनं रूप ओइरणे. आणि मूळ, असं मानतात की, संस्कृतातल्या 'अवकिरण'मध्ये, म्हणजे खाली विखरून टाकणं. जनावरांची वैरणसुद्धा याच कुळातली असावी असं ग्रंथपाल म्हणाले, पण त्यांनाही खात्री नव्हती. ह्या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचा संबंध नाही. नुसते शेजारी राहतात. आणि मी शेजारच्या घराचं दार ठोठावून बसले होते.

कोशात असलं म्हणजे आईच्या मनात तेच आहे कशावरून, असं तू म्हणशील. मलाही तीच धास्ती होती. म्हणून घरी येऊन आईजवळ बसले. म्हटलं, "आई, चिमणी शाळेतून यायचीये." आई सहज म्हणाली, "वैर." हळू, हुंकार भरल्यासारखं. मी म्हटलं, "हे आज डेपोतून उशिरा येणारेत." "वैर." असं ती आधीपासून म्हणत असणार. आम्ही फक्त तुझं नाव निघालं की कान टवकारायचो.

मग मी भीत भीत म्हटलं, "बाबा?" तिने डोळे मिटून घेतले. काही बोलली नाही.

मग म्हटलं, "आणि दादा?"

कठडा हलला, दादा. खालच्या मजल्यावरच्या काकूंनी वर येऊन विचारलं, काय पडलं म्हणून.

डॉक्टर म्हणतात, एवढा अर्थ काढू नका, मेंदूची दुखापत आहे. असेल. पण डॉक्टरांच्या घरीही कुकरच असणार.

तिथे तुमच्याकडे कुणी म्हातारी असेल तर तिला जाऊन विचार, वैरणं म्हणजे काय. नाहीतर स्वतः येऊन बघ. मागे मी येऊ नकोस म्हटलं होतं. आता ये म्हणतेय.

ठमी


३० जून

दादा,

पोचलास ते कळलं. तू इथे होतास ते आठ दिवस मला अजून खरे वाटत नाहीत. तू आलास तेव्हा दार चिमणीने उघडलं. "कोण पाहिजे?" तू म्हणालास, "मी तुझा मामा." तिने तुझ्या तोंडावर दार लावलं आणि आत येऊन मला विचारलं, "आई, आपल्याला मामा आहे का?" माझ्या हातातून कपबशी पडली ती तेव्हा. तू बाहेरून विचारलंस ना, काय फुटलं म्हणून?

तुझ्या नजरेतून सुटलं ते सांगते. तू आईच्या पलंगाशी उभा राहिलास आणि फरशीकडे बघत म्हणालास, "आई, गाडी मी चालवत होतो." नऊ वर्षांनी पुन्हा तेच वाक्य. ती बोलेना. मला वाटलं, मी चुकले, माझंच काहीतरी भयंकर चुकलं, आणि मी ह्याला इथवर बोलावून आणलं.

मग ती म्हणाली, "वैर." ओरडून नाही. कठड्यावर हात न मारता. तू पांढराफटक पडलास, पण मान वर केली नाहीस. त्यामुळे तिचा हात तुला दिसला नाही. तिने डावी मूठ वळून पुढे केली होती, पालथी, आणि एकेक बोट हळूहळू सोडत होती. दाणे सोडतात तसं.

मी तुला कोपराने ढोसलं ते त्यासाठी. तू वर पाहिलंस. आणि तुला कसं सुचलं कोण जाणे, तू विचारलंस, "किती?"

तिने तुला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि दोन बोटं दाखवली. तुझी हाडं निघालीत, दादा. तिने बरोबर मापलं.

नंतर तू स्वयंपाकघरात पातेल्यात आधण ठेवलंस, तांदूळ वैरलेस आणि तळाला लावलेस. डोळे वाफेने चुरचुरताहेत म्हणालास. तिने तो करपलेला भात सगळा खाल्ला, चिमणीला एक घाससुद्धा दिला नाही.

आता जे लिहायचं ते लिहवत नाहीये.

तू गेलास तेव्हा ती दुपारची झोपली होती. तिला उठवू नकोस, मला निरोप घेता येणार नाही, असं म्हणालास आणि मीही ऐकलं. त्या दिवसापासून ती तो शब्द म्हणत नाही. चिमणी शाळेतून यायची असली तरी नाही, यांना उशीर झाला तरी नाही. तुझं नाव घेतलं तर नुसती माझ्याकडे बघते. थेरपिस्ट बाईंनी तासभर प्रयत्न केला. शेवटी म्हणाल्या, तोही गेला बहुतेक. ज्या शब्दाला आम्ही दोन महिने घाबरत होतो, त्याची आता घरभर भीक मागत फिरतोय. चिमणी तिच्यासमोर उभी राहून म्हणते, "आजी, वैर म्हण ना. एकदाच."

मी चूलमावशींना बोलावलं. त्या म्हणाल्या, "वेडी आहेस. ज्याची वाट बघत होती तो आला. आता कशाला ओरडेल?"

"पण मावशी, तो तर परत गेला!"

मावशींनी आईकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाल्या, "तिला सांगितलंस?"

मी सांगितलं नव्हतं. अजूनही नाही.

काल संध्याकाळी काय झालं ते ऐक. चिमणी मोठ्याने कविता पाठ करत होती. आईने डावा हात उचलला, ओठांवर बोट ठेवलं आणि तू झोपायचास त्या खोलीच्या लोटलेल्या दाराकडे बोट दाखवलं. चिमणी गोंधळून माझ्याकडे बघायला लागली. आईने पुन्हा खूण केली. हळू. तो झोपलाय.

मी चिमणीला म्हटलं, "मनात म्हण."

तेव्हापासून आम्ही सगळे घरात हळू आवाजात बोलतो. यांनी रेडिओ लावायचं सोडलंय. मी भांडी आवाज न करता ठेवते. असं किती दिवस चालणार, मला माहीत नाही. तिला खरं सांगायचं माझ्यात बळ नाही, आणि तू ते पत्राने सांग असंही मी म्हणणार नाही.

तू ये. रजा काढून ये, नोकरी सोडून ये, कसाही ये. आणि सकाळी त्या खोलीतून बाहेर ये, म्हणजे आम्हाला मोठ्याने बोलता येईल.

ठमी